ट्रॉलीची पिन आणि आण्णांची दोन बोटं : नॅरोगेज लाइनवरची जीवघेणी कामं

कवठ्याचा नातू

मंडळी, गेल्या महिन्यात गोठ्याचे पत्रे बदलायला गावी गेलो होतो. म्हैस बांधायचा खुंटा लहानपणापासून बघतोय, पण यंदा पहिल्यांदा नीट बघितला. लाकडाचा नाही, लोखंडाचा. अंगठ्यापेक्षा जाड, वीतभर वर आहे, तेवढाच जमिनीत असेल. डोक्याला कडी ओवायचं भोक आणि मधे किंचित बाक. आत्याला विचारलं तर म्हणाली, "आण्णांची पिन हाय ती. ट्रॉलीची."

आण्णा म्हणजे माझे आजोबा. आमचा कवठेमहांकाळचा पट्टा दुष्काळी. खानापूर-विट्याकडचे लोक गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात देशभर पांगले, आमच्याकडचे काही मुंबईला गिरणीत गेले, आणि आण्णा गेले कॅनॉलच्या मुलखात, एका खासगी साखर कारखान्याच्या मळ्यावर. (नाव मुद्दाम टाकत नाही.) मळा कारखान्याच्याच मालकीचा, मैलोन्‌मैल पसरलेला. शेतातून ऊस कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत आणायला दोन फुटी रूळ (दोन रुळांत अंतर फक्त दोन फूट, म्हणजे नॅरोगेज), पुढं छोटं वाफेचं इंजिन आणि मागं दहा-बारा ट्रॉल्या.

ब्रेक फक्त इंजिनाला. ट्रॉल्यांना काही नाही. उतार आला की आण्णांसारखी दोन-तीन माणसं चालत्या ट्रॉलीवर लोंबकळून बाभळीचा चार हाताचा सोटा चाक आणि चौकटीच्या मधे घालायची आणि त्यावर अंगाचा भार द्यायची. लाकूड चाकाला घासून जो वेग कमी होईल तो ब्रेक. सोट्याचं टोक जळून काळं पडायचं. सोटा आऱ्यात अडकला तर माणूस गोफणीतल्या दगडासारखा उसात.

आण्णांच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट नव्हतं. भाकरी अंगठा आणि अनामिकेत धरून मोडायचे. बोटं कुठं गेली विचारलं की म्हणायचे, "पंढरपुरात इठोबापाशी ठेवून आलो." आम्हाला ते खरंच वाटायचं. ती सोट्यानं नाही, ट्रॉली जोडताना गेली एवढंच घरात माहीत आहे.

चुलतभावाचं म्हणणं, चूक आण्णांचीच असणार, जुन्या माणसांच्या अंगात माज असायचा, चालत्या गाडीशी कोण खेळतं? मला ते पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. ही कामं सगळीकडंच अशी होती का? कुणाच्या घरात असल्या लाइनवर काम केलेलं माणूस होतं का?

मिरज जंक्शन

नॅरोगेज म्हटलं की आम्हा मिरजकरांना बार्शी लाइट आठवते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरची अडीच फुटी लाइन. बार्शी रोड (म्हणजे आताचं कुर्डुवाडी) ते बार्शी १८९७ साली, पंढरपूर १९०६, लातूर १९११ आणि मिरजेपर्यंत १९२७. एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नाही हा त्याचा हिशेब, म्हणून हलके रूळ चालले. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव करत गाडी पंढरपूरला जायची. आषाढीला टपावर माणूस बसायला जागा नसायची, आणि ते कमी धोक्याचं होतं असं कुणी समजू नये.

पण ती प्रवासी रेल्वे. गार्ड, ब्रेकचा डबा, सिग्नल, वेळापत्रक. १८९० च्या रेल्वे कायद्यानं अशी लाइन सुरू करायच्या आधी सरकारी निरीक्षकानं तपासून पास करावी लागायची. मळ्यातल्या ट्रॉलीला यातलं काही नाही. मुकादम म्हणेल ते सिग्नल. तेव्हा दोन्ही नॅरोगेज असल्या तरी त्यांची जात वेगळी.

निवृत्त फिटर

नातूसाहेब, चुलतभावाला माझ्याकडे पाठवा.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्यात ३४ वर्षं फिटर होतो. आमच्याकडे ट्रॉली लाइन नव्हती, पण ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद अशाच मळ्यावरून आलेले. चहाच्या सुट्टीत दुसरा विषय नसायचा. त्यांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो.

ट्रॉलीच्या दोन्ही टोकांना मधोमध लोखंडी तोंड असतं, वर-खाली आरपार भोक असलेलं. लांबट कडी एका तोंडात घालून पिन टाकायची. आता मागची ट्रॉली जोडायची तर काय? कडी आपल्या वजनानं खाली लोंबते. ती समोरच्या तोंडात जायला हवी, म्हणजे कुणीतरी ती हातानं आडवी उचलून धरायला हवी. इंजिन मागं रेटतंय, ट्रॉली येतेय, तुम्ही दोन ट्रॉल्यांच्या मधे वाकलेले, डाव्या हातात पिन, उजव्या हाताच्या बोटांवर कडी. कडी तोंडात शिरली की बोटं काढायची आणि पिन सोडायची. डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ. रूळ सपाट नसला, ट्रॉली इंचभर उडाली, ड्रायव्हरनं जरा जास्त वाफ दिली की बोटं कडी आणि तोंडाच्या मधे. तर्जनी आणि मधलं हीच दोन जातात, कारण कडी त्याच दोन बोटांवर पेलतात. तुम्ही लिहिलंत तेव्हाच मी ओळखलं.

आमचे उस्ताद म्हणायचे, नवा खलाशी (ट्रॉल्या जोडणारा-सोडणारा माणूस) भरती करताना मुकादम हात बघायचा. बोट गेलेला असला तर म्हणायचा, "हा शिकलेला आहे."

हे काही आपल्याच लोकांचं अडाणीपण नाही. अमेरिकेत मोठ्या रेल्वेवरसुद्धा हीच कडी-पिन होती आणि तिथल्या ब्रेकवाल्यांची बोटं अशीच जायची. ईली जॅनी नावाच्या माणसानं आपोआप जुळणाऱ्या कपलिंगचं पेटंट घेतलं १८७३ साली. ते सक्तीचं करणारा कायदा झाला १८९३ ला. उपाय हातात असताना मधे वीस वर्षं गेली. वीस वर्षं का, तर बोटांपेक्षा कपलिंग महाग.

दुसरी गोष्ट, पिन काढणं. कडी ताणलेली असेल तर पिन हलत नाही. त्यासाठी इंजिन जरासं मागं यावं लागतं, ढील मिळते, तेवढ्यात उपसायची. इथपर्यंत ठीक. पण ट्रॉल्या कारखान्याच्या फाट्यात घालायच्या आणि इंजिन मात्र त्यांच्या पुढं आहे, मग? इंजिनानं सोडायचं, वळसा घालून मागं यायचं आणि ढकलायचं. याला वेळ लागतो. म्हणून उडतं शंटिंग. इंजिन ट्रॉल्या ओढत वेगात आणायचं, खलाशानं बाजूनं पळत पळत पिन उपसायची, मोकळं इंजिन सुसाट पुढं जायचं आणि ते सांध्यावरून (एका रुळाचे दोन होतात तिथून) गेलं रे गेलं की सांधेवाल्यानं सांधा फिरवायचा. मागून येणाऱ्या ट्रॉल्या आपल्या वेगानं दुसऱ्या रुळावर. इंजिन आणि पहिल्या ट्रॉलीत अंतर किती, तर चार-पाच हात. सांधेवाल्याचा हात एक क्षण उशिरा पडला तर पहिल्या ट्रॉलीची पुढची चाकं एका रुळावर, मागची दुसऱ्यावर आणि उसाचा डोंगर त्याच्याच अंगावर.

उस्ताद हे सांगताना हसायचे. मला तेव्हा ती मर्दुमकी वाटायची. आता वाटत नाही.

पिन वाकली आहे म्हणता? कुठल्या अंगाला? आणि त्या वेळी इंजिनावर ड्रायव्हर कोण होता, घरात कुणाला माहीत आहे का?

धुराडं

काका, भन्नाट लिहिलंत! इंजिनाबद्दलही येऊ द्या.

निवृत्त फिटर

इंजिनाचं ऐका मग. बॉयलरमधे आगीच्या पेटीचं छत असतं, त्यावर सतत पाणी पाहिजे. पाणी छताखाली गेलं की तांबडं झालेलं पोलाद वाफेच्या दाबानं खाली फुगतं आणि फाटतं. मग इंजिन उरत नाही, ड्रायव्हरही उरत नाही. म्हणून छतात शिशाचा प्लग असतो. पाणी कमी झालं की शिसं वितळतं, वाफ आगीवर येते, सगळ्यांना कळतं.

छोट्या इंजिनात पाणीच थोडं. त्यात मळ्यातले रूळ काळ्या मातीवर नुसते टाकलेले. पाट सुटला की एक बाजू चिखलात बसते. इंजिन कलतं, आतलं पाणी एकीकडे जातं, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत दिसतं एक आणि छतावर असतं दुसरंच. ती काच फुटली तर वाफ आणि उकळतं पाणी थेट तोंडावर. काचेला जाळी असायची म्हणे, पण जाळीतून पाणी नीट दिसत नाही म्हणून आगवाले ती काढून ठेवायचे.

आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. चढावर दम कमी पडला की व्हॉल्व्हला तार बांधायची, वाफ बाहेर जाऊ द्यायची नाही. बॉयलरचा कायदा १९२३ सालीच झाला होता, वर्षातून एकदा तपासणी व्हायची. तपासणीच्या दिवशी तार काढून खिशात.

उगाच एक

तुम्ही लोक कशाचंही रडगाणं करता. आमचे पणजोबा ट्रॉलीवर होते, शंभरीला टेकून गेले. मजा होती म्हणायचे. चालत्या ट्रॉलीवरून ऊस मोडून खायचा, पाटात डुंबायचं. हल्ली हेल्मेट घालून जिना उतरतात पोरं. माणसं दणकट होती एवढंच.

पाटणची लेक

शंभरीला टेकले ते सांगायला उरले हो. बोगद्यात राहिले त्यांची मजा कुणी ऐकली?

माझे वडील साताऱ्यातल्या एका धरणाच्या बोगद्यावर होते. सुरुंग उडाला की आत साठलेला दगड-मुरूम, त्याला कामावर सगळे 'मक' म्हणत, तो टबांत भरून छोट्या इंजिनानं बाहेर काढायचा. रूळ नॅरोगेज, रोज आत वाढवत न्यायचे. बाबा टबवाले.

आधी ठेकेदाराचं डिझेल इंजिन होतं. पुढं बॅटरीचं आलं. डिझेलच्या दिवसांबद्दल बाबा फार बोलायचे नाहीत. एवढंच सांगायचे की दुपारनंतर डोकं जड व्हायचं, पाय कापसाचे वाटायचे, ओकारी यायची. सगळ्यांना वाटे सुरुंगाचा धूर, नाहीतर उपाशीपोटी काम. डोकं जड झालं की बाहेर यायचं असं सांगितलेलं होतं म्हणे. पण पैसे टबावर. अर्धी खेप टाकून कोण बाहेर येणार? आणि एकटा आला तर बाकीचे हसणार. एकदा त्यांच्या जोडीदाराला टबातच घालून बाहेर आणलं. मकेच्या वर आडवा घातला होता. उघड्यावर आल्यावर शुद्धीवर आला आणि पहिला प्रश्न, "टब मोजला का?"

बाबा सांगायचे, आत मेणबत्ती लावून ठेवत. मेणबत्ती जळतेय तोवर हवा चांगली. मी पुढं बारावीला रसायनशास्त्र शिकले तेव्हा अंगावर काटा आला. मेणबत्ती विझते ती प्राणवायू कमी झाला तर. डिझेलच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला आडवा करतो तेव्हा मेणबत्ती छान जळत असते. वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट धरतं, म्हणून थोडासुद्धा पुरतो. इंग्लंडच्या खाणींत पिवळे कॅनरी पक्षी नेत, ते जॉन स्कॉट हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून. पक्षी आधी कोसळतो, माणसाला पळायला वेळ मिळतो. तिथं १९८६ पर्यंत पक्षी होते. आमच्या बाबांच्या बोगद्यात मेणबत्ती.

बॅटरीचं इंजिन आल्यावर धूर गेला, पण चार्जिंगच्या खोपटात बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो, आणि हिवाळ्यात ऊब म्हणून लोक नेमके तिथंच बिडी ओढायला बसायचे. बाबांनी बिडी सोडली होती, कारण सांगत नसत.

उगाच एक

ताई, तसं म्हणायचं नव्हतं. मागे घेतो.

पाटणची लेक

असू दे. तुमचे पणजोबा पाटात डुंबत होते याचा मला आनंदच आहे.

धुराडं

जरा विषयांतर, पण सोट्यावरून आठवलं. वेल्समधली फेस्टिनिऑग रेल्वे, जवळपास दोन फुटीच, १८३६ साली सुरू झाली ती डोंगरातल्या पाटीच्या दगडासाठी. खाणीपासून बंदरापर्यंत लाइन सलग उताराची. त्यामुळे खाली यायला इंजिनच नाही. डबे ओळीनं जोडायचे आणि सोडून द्यायचे, वर ब्रेकवाले बसलेले, चालत्या डब्यांवरून उड्या मारत हातानं ब्रेक आवळणारे. रिकामे डबे वर ओढायला घोडे. आणि उतरताना घोडे शेवटच्या खास डब्यात उभे राहून चारा खात यायचे! वाफेचं इंजिन आलं १८६३ ला, तरी दगडाच्या गाड्या पुढं कित्येक वर्षं तशाच उतारानं सोडत.

घोड्याला बसायला डबा, माणूस मात्र कठड्यावर. घोडा विकत घ्यावा लागतो ना.

वाळव्याचा ऊसकरी

सगळं वाचलं. मला एक सांगा, हे जुनं कुठं झालंय?

आमच्या आष्टा-सांगली रस्त्यावर डिसेंबरात रात्री या. ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. जोडलेल्या कशानं? पिननं. ट्रॉलीला ब्रेक? ट्रॅक्टरचा तोच. वीस टनांच्या आसपास ऊस मागं आणि उतारावर सगळा भार पुढं ढकलतोय. ड्रायव्हरला पैसे खेपेवर. फडापासून कारखान्यापर्यंत नंबर लागलेला, खेप चुकली तर नंबर मागं. पिन निसटू नये म्हणून तिला कॉटर (आडवी खीळ) घालायचा तर कॉटर कधीचा हरवलेला असतो, त्याजागी तार, नाहीतर खिळा वाकवलेला. मागची ट्रॉली सुटून उसात, कधी कुणाच्या अंगणात गेलेली मी स्वतः दोनदा पाहिली. पहिल्या वेळी ट्रॉलीवर बीडकडची तोडणीवाली बाई पोराला घेऊन झोपलेली होती. ट्रॉली बांधाला टेकून उभी राहिली, उलटली नाही. बाई उठली, पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि विचारलं, कारखाना आला का.

आणि धोंडा. टायर पंक्चर झालं की चाकाला धोंडा लावायचा. काम झालं की ट्रॅक्टर जातो, धोंडा रस्त्यातच. मागून मोटरसायकल. आण्णांचा सोटा निदान गाडीबरोबर जात तरी होता.

ट्रॉली जोडताना आजही पोरगं मधे उभं असतं, ड्रायव्हर मान मागं करून "आलं का? आलं का?" ओरडतो आणि पोरगं एका हातानं कोयंडा धरून दुसऱ्या हातानं पिन. फिटरकाकांनी लिहिलं ते मी काल संध्याकाळी बघितलंय.

कृष्णाकाठ

एक शंका. आपल्या सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांना अशी ट्रॉली लाइन का नव्हती? ऊस तर इथंही रग्गड.

मिरज जंक्शन

जमिनीमुळे. जुन्या खासगी कारखान्यांचे, म्हणजे हरिगाव, वालचंदनगर वगैरे, स्वतःचे हजारो एकरांचे मळे होते. आपल्याच जमिनीतून रूळ टाकायला कुणाला विचारायचं? आपल्याकडचे कारखाने सहकारी. ऊस दीड एकरवाल्याचा, तीन एकरवाल्याचा, शंभर गावांत विखुरलेला. रूळ कुणाच्या बांधावरून नेणार? भावकीत मुडदे पडतील. म्हणून आधी बैलगाडी, मग ट्रॅक्टर. पुढं १९६१ चा जमीन कमाल मर्यादेचा कायदा आला, खासगी मळ्यांच्या जमिनी गेल्या, त्या १९६३ च्या शेती महामंडळाकडे आल्या. मळा गेल्यावर ट्रॉली लाइनीचा जीवच गेला. रूळ भंगारात. काही गावांत अजून कुंपणाचे खांब म्हणून उभे असतील.

काळा कोट

उशिरा आलो. कामगार नुकसानभरपाईच्या दाव्यांत बरीच वर्षं घासली आहेत, म्हणून बोलतो.

कामगार भरपाईचा कायदाही १९२३ चाच. त्याला जोडलेलं एक परिशिष्ट होतं, शरीराचं दरपत्रक म्हणा. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरायचं. तर्जनी पूर्ण १४, मधलं पूर्ण १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटं, २०. म्हणजे आण्णांच्या हाताचा सरकारी भाव २० टक्के. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नकळत स्वतःचा हात टेबलावर पसरून बघितला होता.

पण पैसे मिळायचे का? त्याच कायद्यात एक पळवाट होती. अपघातात मृत्यू झाला नसेल, आणि कामगारानं सुरक्षेसाठी दिलेला हुकूम जाणूनबुजून मोडल्यामुळे तो झाला असेल, तर मालक जबाबदार नसायचा. आता 'चालत्या ट्रॉलीला पिन लावू नये' ही पाटी कशासाठी टांगलेली असते ते कळलं? सगळ्यांना माहीत, थांबवून जोडत बसलं तर दिवसाच्या खेपा निम्म्या होणार. मुकादमाला माहीत, मॅनेजरला माहीत. पाटी खलाशासाठी नसतेच, ती कोर्टासाठी असते. खेपेवर पैसे देऊन नियम मोडायला लावायचा आणि मोडला म्हणून भरपाई नाकारायची. नातूसाहेब, चुलतभावाचा 'माज' हा शब्द मी कंपन्यांच्या लेखी जबाबात वेगळ्या भाषेत शेकडो वेळा वाचलाय.

घरात काही कागद आहे का? जबाब, अंगठा दिलेला अर्ज, काहीही?

धुराडं

सर, पण कामगारानंही नाही म्हणायला हवं होतं ना? एकानं नाही, सगळ्यांनी मिळून?

निवृत्त फिटर

बाळा, मळ्यावर राहायची खोली मालकाची, दुकान मालकाचं, दुकानातली उधारी मुकादमाच्या वहीत. नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी रूळ उचलायच्या टोळीत टाकायचे. शेतातले सुटे रूळ लोखंडी स्लीपरसकट सहा जणांनी खांद्यावर घेऊन दुसऱ्या सरीला टाकायचे. सहातल्या एकाचा पाय घसरला की पाचांची कंबर. लोक म्हणायचे त्यापेक्षा पिन बरी.

कवठ्याचा नातू

पंधरा दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार, चुलतभावाला धागा वाचायला दिलाय, त्यानं अजून काही म्हटलेलं नाही.

आत्याकडं पुन्हा गेलो. काळा कोट यांनी कागद विचारला होता. कागद नाही. पण जबाब झाला होता. आण्णांनी त्यावर डाव्या हाताचा अंगठा दिला, कारण उजवा हात बांधलेला होता. जबाबात होतं, ट्रॉली उभी करायच्या आधी मी माझ्या मर्जीनं पिन लावायला गेलो. आत्याला हे तोंडपाठ आहे, आजीनं तिला तसंच सांगितलं होतं. एक पैसा मिळाला नाही. पुढची दोन वर्षं आण्णा मळ्यावर रात्रीची राखण करत होते.

मग फिटरकाकांचा प्रश्न विचारला, इंजिनावर कोण होतं?

आत्या बराच वेळ शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "माझा मामाच की."

म्हणजे आजीचा सख्खा भाऊ. आण्णांनीच त्याला मळ्यावर चिकटवलेलं. दिवसाची शेवटची खेप, बाजाराचा दिवस, अंधार पडलेला. आण्णांनी कंदील हलवला तो 'थांब' म्हणून, मामाला तो 'ये' वाटला. त्यानं वाफ दिली. आण्णांनी खरं सांगितलं असतं तर ठपका मामावर, नोकरी जाणार, घरात पाच पोरं. न सांगितलं तर नियम मोडल्याचा ठपका स्वतःवर. मुकादमानं जबाब लिहूनच आणला होता.

मामानं ती पिन त्याच रात्री उपसून ठेवली होती. पुढच्या दिवाळीला आला तेव्हा फडक्यात गुंडाळून घेऊन आला आणि उंबऱ्यात ठेवली. कुणी काही बोललं नाही. आजीनं ती उचलली, गोठ्यात नेली आणि दगडानं ठोकून तिला म्हस बांधली. मामा जेवून गेला.

काका, बाक कुठल्या अंगाला आहे ते बघितलं. पण ठोकताना दगड कुठून बसले कुणास ठाऊक, त्यावरून काही कळायचं नाही.

मी म्हटलं आत्या, ही पिन मी सांगलीला घेऊन जातो, घासून तेल लावून ठेवतो, तुला गोठ्याला नवा खुंटा करून देतो. आत्यानं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि उठता उठता म्हणाली, "काढू नगंस. म्हस सुटंल."